पाच वाजेपर्यंत

आमच्या ह्यांना सभागृहात सगळे 'धन्यवाद' म्हणतात. ते काही आडनाव नाही, टोपणनाव आहे. चौथ्यांदा निवडून आलेला माणूस, पण बाक कायम शेवटचा आणि बोलायची पाळीही शेवटची, तीन मिनिटांची. वेळ संपत आली की सभापती टेबलावरची घंटा वाजवतात. बाकीचे खासदार त्या घंटेला भीक घालत नाहीत. "एकच मुद्दा, महोदय," असं म्हणत आणखी चार मुद्दे रेटतात. आमचे हे मात्र घंटा वाजली की वाक्य असेल तिथे सोडतात, "धन्यवाद, सभापती महोदय" म्हणतात आणि खाली बसतात. एकदा म्हणे "आमच्या भागातल्या धरणाच्या भिंतीला पडलेली भेग" एवढंच बोलून झालं होतं. ती भेग अजून तशीच आहे.

सवय हाडीमाशी खिळलेली. घरी दाराची बेल वाजली तरी हे बोलता बोलता थांबतात. आमचं भांडण हाताबाहेर जायला लागलं की मला कित्येकदा वाटलंय, उठावं आणि बाहेर जाऊन बेल दाबून यावी.

सासूबाईंची उजवी बाजू सहा वर्षांपूर्वी गेली. डोकं शाबूत आहे, जीभ थोडी जड झाली आहे, आणि बाकी सगळं अंथरुणात. त्यांचं सगळं मी करते. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाहीये, पण न सांगण्याइतकी संतही नाही. धाकट्या बहिणीचं घर इथून बसने अर्ध्या दिवसावर, डोंगरात आहे. सहा वर्षांत तिथे एकदाही मुक्कामाला जाणं झालं नाही. तिच्या मुलीचं लग्न मी फोटोत पाहिलं. फोटोही नीट आले नव्हते.

तर विरोधी बाकावरच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी एक विधेयक आणलं. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्याला वर्षातून एक महिना सुट्टी, आणि त्या महिन्यात सरकारने बदली माणूस पाठवायचा. मी खिडक्या पुसायला जुना पेपर घेतला होता, त्यात ती बातमी दिसली. उभ्या उभ्या तीनदा वाचली. काचा त्या दिवशी तशाच राहिल्या.

त्यानंतर आठवड्याभराने हे घरी आले ते गालातल्या गालात हसतच. "उद्या मला बोलायचंय," म्हणाले. "त्याच विधेयकावर. आणि वेळेची मर्यादा नाही."

"मर्यादा नाही म्हणजे?"

"म्हणजे हवं तेवढं. प्रतोदांनी स्वतः बोलावून सांगितलं."

प्रतोद म्हणजे पक्षाच्या माणसांना मतदानाच्या वेळी हाकून आणणारा गुराखी. ढोरं कुठे चरतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं. इतक्या वर्षांत त्याने ह्यांना नुसतं नावाने हाक मारली तरी हे दोन दिवस खूश असत. मला वाटलं, देर आये दुरुस्त आये. ज्याच्या घरात हे चाललंय त्यालाच बोलू द्यावं, एवढी अक्कल पक्षाला आली म्हणायची. तुम्ही बाजूने बोलणार की विरोधात, हे नवऱ्याला विचारायचं असतं, हे मला सुचलंच नाही.

शेजारच्या शिवणकामवाल्या ताई सासूबाईंपाशी बसायला तयार झाल्या, आणि मी जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं भाषण ऐकायला गेले.

प्रेक्षकांची गॅलरी म्हणजे उंचावर बांधलेला माळाच. समोर पितळी कठडा. दाराशी गणवेशातली पहारेकरीण होती. तिने नियम एका दमात म्हणून दाखवले: बोलायचं नाही, उभं राहायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, कठड्यावर हात ठेवायचे नाहीत. खाली हिरव्या बाकांवर माणसं तुरळक. एक खासदार डोळे मिटून चिंतन करत होते आणि त्यांच्या चिंतनाचा आवाज वरपर्यंत येत होता. एक जण बूट काढून बसले होते. सभापतींनी गळ्याला मफलर गुंडाळला होता आणि त्यांच्या डोक्यावर भलंमोठं घड्याळ होतं. माझं आयुष्य या लोकांच्या हातात आहे, हे मला ठाऊक होतं. पाहिलं मात्र आजच.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. निवृत्त पोस्टमास्तर. रोज येतात. "घरी सून पंखा बंद करते," ते हळूच म्हणाले, "इथे पंखा फुकट, गादी फुकट आणि करमणूकही."

डॉक्टरीणबाईंनी विधेयक मांडलं. छान बोलल्या, थोडक्यात बोलल्या. मग आमचे हे उठले. हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा. मी पुढे सरकून बसले.

"अरेरे," पोस्टमास्तर म्हणाले. "आज धन्यवादला पाठवलाय होय वेळ काढायला."

"वेळ काढायला म्हणजे?" मी विचारलं. हा माझा नवरा आहे, हे मी सांगितलं नाही.

त्यांना शिष्य मिळाल्याचा आनंद झाला. म्हणाले, "असं बघा. आज खासदारांच्या स्वतःच्या विधेयकांचा दिवस. पाच वाजता सभागृह उठणार म्हणजे उठणार. पाचच्या आत मतदान झालं नाही, की विधेयक मेलं. आता आजाऱ्यांचं करणाऱ्या बायकांच्या विरोधात उघड मत कोण देईल? पुढच्या निवडणुकीला दारात उभं करणार नाहीत. मग काय करायचं? एक माणूस उभा करायचा आणि पाचपर्यंत बोलत ठेवायचा. विषय सोडला नाही तर त्याला कोणी बसवू शकत नाही. मत नाही, पाप नाही. साप मेला आणि काठीही मोडली नाही."

मी खाली पाहिलं. हे पहिला कागद वाचत होते. मानवाने सेवेची कला कधी अवगत केली, याबद्दल काहीतरी होतं. मला काय वाटलं ते सरळ सांगते. त्या कठड्यावरून चप्पल फेकावी असं वाटलं. सहा वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवून हा माणूस झोपतो, तिची सुट्टी मारायला त्याला तीन मिनिटांच्या वर वेळ मिळाला होता, आणि त्याचाच त्याला आनंद झाला होता.

पण देव असतो, आणि तो कधी कधी शिकवणीतून काम करतो. आमच्या ह्यांची शिकवणी झालेली तीन मिनिटांत सगळं बसवायची. हळू बोलणं हा प्रकारच त्यांना ठाऊक नाही. प्रतोदाने दोन तास पुरेल असा दिलेला गठ्ठा त्यांनी भरधाव वाचायला घेतला. शतकंच्या शतकं मागे पडली. जगातली पहिली रुग्णालयं आली आणि गेली. आकडेवारी तर अशी म्हटली, जशी मुलं पाढे म्हणतात. पुढच्या बाकावरून मागे वळून प्रतोद दोन्ही हात लांब करून 'ताणा, ताणा' असं खुणावत होता. हे त्याच्याकडे बघून हसले आणि आणखी वेगाने वाचू लागले, कारण त्यांना वाटलं शाबासकी मिळते आहे.

"हे नाही टिकायचं," पोस्टमास्तर तज्ज्ञाच्या नजरेने म्हणाले. "पूर्वी एक होते, नुसत्या स्वल्पविरामांवर दुपार काढायचे. आणि यात खरी गंमत विरोधक आणतात. ते मध्ये मध्ये ओरडतात, टोमणे मारतात, मग त्यांना उत्तर द्यायचं. अर्धा वेळ तर समोरचेच भरून देतात. बघा तुम्ही आता."

आम्ही पाहिलं. विरोधी बाकावर कोणी हूं की चूं करत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावून ठेवलं असणार. आमचे हे एखादं चिथावणीचं वाक्य टाकत आणि वाट पाहत. समोर दगडासारखी शांतता. "सन्माननीय सदस्यांना हे मान्य नसेल," हे आशेने म्हणाले. सन्माननीय सदस्यांनी मान डोलावली.

गठ्ठा संपला. घड्याळात चार वाजून गेले होते आणि पाच अजून लांब होते. प्रतोदाने कपाळाला हात लावला. सत्ताधारी बाकांवरची बरीचशी मंडळी तोवर उठून कँटीनला गेली होती. बोलणारा पाचपर्यंत बोलणार, मतदान होणार नाही, मग बसायचं कशाला?

ह्यांनी पाणी प्यायलं. पेला रिकामा झाला तरी पीत राहिले. मग म्हणाले, "सभापती महोदय, आता मी घरचंच उदाहरण देतो. आमच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे. आम्ही तिचं सगळं करतो."

"आम्ही." मी पुटपुटले. पोस्टमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे माझी पत्नी करते," हे म्हणाले, आणि बहुधा वेळ भरायचा म्हणून सुरुवातीपासून सांगू लागले. "सकाळी ती आधी खिडकी उघडते. मग आईला कुशीवर वळवते. आधी खिडकीच्या बाजूला, कारण आईला रस्ता दिसायला हवा असतो. वळवण्याआधी आपले हात एकमेकांवर चोळते, आईला गार हात सोसत नाहीत. मग पाठ पुसते. पाठीला घाव होऊ नये म्हणून पावडर लावते, कोपरांना तेल लावते. मग भरवते. आईच्या गालात घास राहतो, तो बोटाने काढावा लागतो. या सगळ्याला पाऊण तास लागतो. ती स्वतः उभ्यानेच खाते. मी तिला बसून खाताना..." इथे हे थांबले. "आठवत नाही, महोदय."

माझी चप्पल पायातच राहिली. मला वाटत होतं, सकाळी या माणसाला पेपराच्या पलीकडचं काही दिसत नाही. हात चोळलेले यांनी कधी पाहिले?

हे प्रथमच सावकाश बोलत होते. पुढचं पुढचं आठवून बोलायचं होतं, त्यामुळे घाई करताच येत नव्हती. चिंतन करणारे खासदार जागे झाले होते. बूटवाल्यांनी बूट घातले. प्रतोद आता निर्धास्त दिसत होता. या वेगाने गेलं तर पाच सहज वाजणार होते. एका बाईच्या विधेयकाला मारायचं तर तिचा दिवस सांगत बसावं, तो कधी संपतच नाही, हे त्याच्याही लक्षात आलं असावं.

भाषणातली सकाळ संपली, दुपारचं जेवण झालं. हे म्हणाले, "मग दुपारी... दुपारी आईला..." आणि अडकले. कागदांकडे पाहिलं, तर त्यात ते असणार कुठून? "दुपारचं मला सांगता येणार नाही. मी त्या वेळी इथे असतो. या बाकावर." सभागृहात कोणीतरी खाकरलं. हे स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "जेवणानंतर काय असतं बरं?"

अगदी हाच सूर. घरी "अगं, माझा चष्मा कुठाय बरं?" म्हणतात तोच. आणि लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेली बाई त्या सुराला जे करते तेच मी केलं.

"चादर बदलायची," मी वरून म्हणाले. चांगलं खणखणीत.

सगळ्या माना वर वळल्या. गॅलरीतून आवाज, म्हणजे केवढा गुन्हा. सभापतींनी मफलर सावरला आणि गॅलरीला गप्प करायला घंटा हाणली.

घंटा वाजली आणि आमचे हे म्हणाले, "धन्यवाद, सभापती महोदय." आणि खाली बसले.

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. ह्यांनाही नाही. मग प्रतोद "उठा, उठा" असं ओठांनी म्हणताना दिसला. हे अर्धवट उठलेही, पण एकदा बसलेल्याला परत बोलता येत नाही. डॉक्टरीणबाई तेवढ्यात उभ्या राहिल्या होत्या. "मतदान घ्यावं, महोदय," म्हणाल्या.

पुढचं मी पहारेकरणीच्या खोलीत, भिंतीवरच्या टीव्हीवर पाहिलं. तिने मला दंडाला धरून पण प्रेमाने बाहेर काढलं होतं. "मावशी, आता तुम्हाला या अधिवेशनात गॅलरी बंद," ती म्हणाली आणि पाणी दिलं. मतदानासाठी कर्कश घंटा वाजत होत्या, आणि टीव्हीत कँटीनकडून तोंड पुसत धावत येणारी माणसं दिसत होती. दारं ठरल्या वेळी बंद झाली. निम्मी मंडळी बाहेरच राहिली. विधेयक पहिल्या फेरीत पास झालं आणि पुढच्या छाननीसाठी समितीकडे गेलं.

मतं देताना कॅमेरा शेवटच्या बाकावरून फिरला. आमच्या ह्यांचा हात विरोधात वर होता. प्रतोदाने सांगितलेलं, ते मोडायचं कसं?

संध्याकाळपर्यंत जिकडे तिकडे हेच. बातम्यांत ह्यांचा फोटो, खाली लिहिलेलं: 'अंतरात्म्याचा आवाज'. पक्षाने मारायला काढलेलं विधेयक या बहाद्दराने भर सभागृहात वाचवलं, पत्नीचा आवाज ऐकताच बसकण मारली, वगैरे. विरोधात दिलेलं मत म्हणे कडवट उपरोध होता. फोन थांबेना. मतदारसंघातून जुने शत्रूही अभिनंदन करत होते.

फोन बंद करून हे स्वयंपाकघरात आले. मी पेजेचं भांडं घासत होते. मी एकच विचारलं, "का बसलात?"

खरं सांगते, मला त्या वेळी एखादं थोर खोटं चाललं असतं. नव्हे, हवंच होतं.

"घंटा वाजली," हे म्हणाले.

मी भांडं घासत राहिले. राग आला, आणि हसूही आलं. सगळ्या देशाला जे थापेबाजी करून सहज सांगता आलं असतं, ते या माणसाने मला सांगितलं नाही, हेही मनात कुठेतरी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतोद घरी आला. ह्यांच्या निलंबनाचा निर्णय व्हायचा होता: उरलेलं अधिवेशन, म्हणजे एक महिना सभागृहात पाय ठेवायचा नाही, घरी बसायचं. ह्यांनी त्याला कळवळून सांगितलं, "अहो, बंडबिंड काही नाही. घंटा वाजली की बसायची सवय आहे मला. चूक झाली."

"साहेब," प्रतोद म्हणाला, "एवढं मूर्ख कोणी नसतं."

"असतं!" हे म्हणाले. "हिला विचारा. घरीसुद्धा बेल वाजली की मी गप्प होतो. सांग ना गं."

प्रतोद माझ्याकडे वळला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "वहिनी, तुम्ही म्हणाल ते मी पक्षात सांगतो. चुकून झालं असेल तर विषय मिटला, सोमवारपासून हे सभागृहात. मूर्खपणाला आमच्याकडे शिक्षा नाही. ठरवून केलं असेल तर मात्र महिनाभर घरी."

हे माझ्याकडे आशेने बघत होते. आतल्या खोलीतून सासूबाईंच्या खोकल्याचा आवाज आला. विधेयक समितीत गेलं होतं. समितीतून कायदा बाहेर येईल, मग नियम होतील, मग बदली माणसं नेमतील. तोवर मीच त्या अंथरुणात असेन. आणि इथे समोरच्या खुर्चीवर एक धडधाकट, पगारी, महिनाभर मोकळा माणूस बसला होता.

"छे हो, सवय कसली," मी म्हणाले. "आदल्या दिवशीच मला म्हणाले होते, काहीही झालं तरी हे विधेयक मरू देणार नाही. मीच घाबरले होते. ऐकेनात."

ह्यांचं तोंड उघडं राहिलं. प्रतोदाने चहा संपवला, ह्यांच्याशी हात मिळवला, जरा आदरानेच मिळवला, आणि गेला.

दुपारी निलंबन जाहीर झालं. मी बॅग काढली. सासूबाईंनी आतून विचारलं, "किती... दिवस?"

"महिना," मी म्हणाले. त्यांचा डावा हात धरला आणि मला रडूच फुटलं. सहा वर्षांत त्यांच्यासमोर रडले नव्हते. त्यांनी माझा हात दाबला आणि जड जिभेने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "जा. त्याला म्हणावं... भाषण नको."

मी ह्यांना सगळं करून दाखवलं. वळवायचं कसं, मानेखाली हात कसा घालायचा, दुपारी चादर कशी एका बाजूने गुंडाळत काढायची. हे मन लावून शिकले, तेवढं मी कबूल करते. मध्येच फोन आला. कुठल्याशा महिला मंडळाला ह्यांचा सत्कार करायचा होता. हे बराच वेळ नम्रपणे "नाही, नाही" म्हणत राहिले, मग "माझं कर्तव्यच होतं ते" असं काहीसं म्हणाले.

बॅग घेऊन मी दारापर्यंत आले तेव्हा हे मागे उभे होते.

"खरं सांगू का?" म्हणाले. "काल मला नीट आठवत नव्हतं. पण बसताना माझ्या मनात काहीतरी आलं होतं. म्हणजे नुसती घंटा नव्हती ती."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस मनापासून बोलत होता.

"आलं असेल," मी म्हणाले. आठला द्यायची गोळी कोणती आणि ती पाण्यात विरघळवून कशी द्यायची, ते पुन्हा एकदा सांगितलं, आणि बहिणीकडे जायला निघाले.